ऐच्छिक सुट्टीतला गणपती

केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाकडून दर वर्षी पुढील वर्षाच्या सुट्ट्यांचे परिपत्रक निघते. ते कचेरीत येऊन पोचले की निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे आपापला सण त्यात कोठे बसला आहे हे प्रथम पाहतात. १४ सुट्ट्या साऱ्या देशाला सारख्याच असतात. त्यानंतर १२ सणांची एक यादी असते आणि तीतून ३ सुट्ट्या त्या त्या ठिकाणच्या कचेऱ्यांसाठी निवडल्या जातात. बाकीच्या सणांची रवानगी तिसऱ्या कोष्टकात होते. त्यांतील कोणत्याही २ दिवशी कर्मचाऱ्याने आपल्या मर्जीने घरी राहावे. गणेशचतुर्थी त्या १२ सणांत आहे, आणि मुंबईच्या केंद्रीय कचेऱ्या त्या दिवशी सहसा बंद असतात. दिल्लीत मात्र होळी, जन्माष्टमी, रामनवमी अशा सणांना ती जागा मिळते आणि आमचा गणपती तिसऱ्या कोष्टकात जाऊन बसतो. या सुट्टीला आपण मराठीत ऐच्छिक सुट्टी म्हणतो. हिंदी परिपत्रकात तिचे नाव 'प्रतिबंधित अवकाश' असे आहे. दिल्लीत नव्याने आलेला मराठी माणूस ते नाव वाचून क्षणभर दचकतो, कारण आपल्या भाषेत प्रतिबंधित म्हणजे बंदी घातलेले.

वर्षाला असे दोनच दिवस. बहुतेक मराठी घरांत त्यांतला एक गुढीपाडव्याला जातो व दुसरा गणपतीला. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी आली आणि एक दिवस वाचला. २०२५ साली ती २७ ऑगस्टला, बुधवारी आली आणि तो खर्ची पडला. गावी ज्या सणाला आळीच्या आळी पहाटेपासून जागी असते, तो सण येथे एका अर्जावर व एका सहीवर येऊन ठेपला आहे. अशा सणाचा आज घरातील माणसांना काय अर्थ उरला आहे, असा प्रश्न परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना पडत असेल. आम्हांलाही तो पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो. तेथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो २०२३ साली. तोवर आम्ही गणपतीला दर वर्षी साताऱ्यास जात असू. निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेस पुण्यावरून साताऱ्यास जाते. तिची तिकिटे त्या काळी चार महिने आधी काढता येत आणि आम्ही ती काढून ठेवली होती. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी घोषणा झाली की १८ ते २२ सप्टेंबर असे संसदेचे विशेष अधिवेशन भरणार. १९ तारखेस, चतुर्थीच्या दिवशीच, दोन्ही सभागृहांचे कामकाज नव्या संसदभवनात सुरू झाले आणि महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. राष्ट्राच्या कारभाराने गणपतीचा दिवस साधला; आमची रजा मात्र त्याच कारणाने परत आली. तिकिटे रद्द केली.

आमच्या घराण्याचा गणपती एकच, साताऱ्यास, थोरल्या बंधूंकडे. भावाभावांची चूल एक असेतो गणपती एक, आणि चूल वेगळी झाली की ज्याने त्याने आपला गणपती बसवावा, असा आपल्याकडे लोकसंकेत आहे. वस्तुतः आमची चूल नऊ वर्षे दिल्लीत पेटत होती; पण तिला आम्ही चूल मानलेच नव्हते. सरकारी क्वार्टर म्हणजे मुक्काम, घर ते साताऱ्याचे, अशी मनाची समजूत होती. येथे गणपती बसवला तर वाटणी मागितल्यासारखे होईल की काय, ही धास्ती वाटत होती. शेवटी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "तुमची चूल तिकडे पेटते ना? मग बसवा. त्यात विचारायचे काय?" आणि थोडे थांबून, "दादाला मी सांगतो."

वडिलांनी इतक्या सहजपणे जे सांगितले त्याला इतिहासाचा केवढा आधार आहे, हे आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे पूजन हे मुळात घरचे व्रत आहे, आणि ते पार्थिव म्हणजे मातीच्या मूर्तीचे आहे. त्याला देऊळ लागत नाही. माती आणावी, मूर्ती घडवावी अथवा कुंभाराकडून घ्यावी, प्राणप्रतिष्ठा करावी, दूर्वा वाहाव्यात, मोदकांचा नैवेद्य दाखवावा आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा करून ती माती पाण्यात सोडावी. देवघरातील टाक पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहतात. या देवाला कायमचा पत्ता नाही. तो जेथे बोलवावे तेथे येतो आणि ठरल्या दिवशी जातो. ज्या समाजाने घाट उतरून दूरदूरच्या मुलखांत मुक्काम केले, त्याला हे व्रत इतके मानवले याचे आम्हांस नवल वाटत नाही.

पेशवे गणपतीचे उपासक. शनिवारवाड्यात गणेशमहाल होता आणि तेथील भाद्रपदातील उत्सवाचा थाट मोठा असे. १८१८ साली पेशवाई गेली आणि पुण्यातील त्या उत्सवाचा राजाश्रय संपला. घरोघरचे पूजन चालू राहिलेच. पण दरबारी उत्सव जेथे मराठी संस्थाने उरली होती तेथे, म्हणजे ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर यांसारख्या महाराष्ट्राबाहेरील ठिकाणी चालत राहिला. यांपैकी ग्वाल्हेरची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ दिला. तळच तो, आज ना उद्या हलावयाचा. पण तो हलला नाही. तंबूंच्या जागी वाडे उठले, पेठा वसल्या, आणि त्या वस्तीला लष्कर हेच नाव पडून गेले. आजही ग्वाल्हेरचा तो भाग लष्कर म्हणूनच ओळखला जातो. तात्पुरत्या म्हणून केलेल्या मुक्कामाचे गाव कसे होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता जी हकीकत पुण्यात सांगितली जाते ती अशी. १८९२ च्या सुमारास कृष्णाजीपंत खासगीवाले हे ग्वाल्हेरला गेले असता तेथे त्यांनी शिंदे सरकारचा थाटाचा गणेशोत्सव पाहिला. असा उत्सव पुण्यातही व्हावा असे त्यांच्या मनाने घेतले. परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट भाऊसाहेब रंगारी, घोटवडेकर आदी मंडळींच्या कानी घातली आणि त्यातून पुण्यातले पहिले सार्वजनिक गणपती बसले. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून या चळवळीस उचलून धरले आणि १८९४ साली विंचूरकर वाड्यात स्वतः उत्सव सुरू केला. आद्य प्रवर्तक कोण, रंगारी की टिळक, हा वाद २०१७ साली पुण्यात शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या वेळी पुन्हा पेटून न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेला. त्या वादात आम्ही पडत नाही. आमचे लक्ष वेधते ते खासगीवाल्यांच्या प्रवासाने. आपण दिल्लीकर मराठी माणसे असे धरून चालतो की खरा उत्सव पुण्याचा आणि आमचा तो त्याची नक्कल. ही हकीकत खरी मानली तर पुण्याच्या उत्सवाचेच बीज उत्तरेकडील एका मराठी तळावरून आलेले ठरते! परमुलखातल्या माणसांनी जपून ठेवलेली वस्तू घरच्यांनी पुन्हा उचलली, असा तो प्रकार आहे.

सार्वजनिक उत्सवाने काय साधले हे आपण शाळेत शिकलो आहोत. व्याख्याने, कीर्तने, मेळ्यांची पद्ये यांच्या द्वारे राजकारण सामान्य माणसापर्यंत पोचले. १९१० च्या सुमारास सरकारने मेळ्यांवर निर्बंध घातले यावरून त्यांची धार किती होती हे दिसते. परंतु इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यापूर्वी पुण्यातील हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने भाग घेत. सुरुवातीच्या काही मेळ्यांच्या पद्यांतून त्या ताबुतांवर बहिष्कार घालण्याची चिथावणी दिली जाई. म्हणजे उत्सवाने काहींना जवळ आणले तसे काहींना दूरही लोटले. पुढे १९२६ साली दादरला अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पूजेत स्थान मिळावे म्हणून प्रबोधनकार ठाकरे यांनी आग्रह धरला, तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूने पुढे आला. सार्वजनिक म्हटला की 'आपला कोण' हे ठरवण्याची वेळ येते. दिल्लीत ही वेळ रोज येते, कारण येथे शेजारी बहुधा मराठी नसतोच.

दिल्लीशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. मात्र तो आरंभी कुटुंबाचा नव्हता, तलवारीचा होता. १७३७ साली बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीशी येऊन थडकले आणि तालकटोऱ्याच्या परिसरात बादशाही फौजेशी त्यांची गाठ पडली. १७८४ पासून महादजी शिंद्यांनी येथील कारभार आपल्या हाती घेतला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभे आहे, आणि पटपडगंजच्या उंच इमारतींतून कित्येक मराठी बिऱ्हाडे गणपती बसवीत असतात. त्यांतल्या फार थोड्यांना आपण कोणत्या भूमीवर राहतो याची कल्पना असेल.

तलवारीमागून लेखणी आली. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवण्याची घोषणा झाली. नव्या दिल्लीचे उद्घाटन १९३१ च्या फेब्रुवारीत झाले. गोल मार्केटच्या आसपास कारकुनांची घरे उठली. उन्हाळा आला की कचेऱ्या दप्तरांसह सिमल्यास जात आणि थंडीच्या तोंडाशी परत येत. त्या कारकुनांत मराठी माणसेही होती. पहाडगंजात नूतन मराठी शाळा निघाली, पुढे बृहन्महाराष्ट्र भवन उभे राहिले. करोलबागेत मराठी वस्ती वाढली. स्वातंत्र्यानंतर सचिवालयाचा पसारा वाढला. काकासाहेब गाडगीळ, चिंतामणराव देशमुख, आणि १९६२ साली यशवंतराव चव्हाण असे मंत्री येथे आले. त्यांच्याबरोबर व त्यांच्यानंतर कारकून, टंकलेखक, लेखापरीक्षक यांची बिऱ्हाडे आली. विनयनगर, जे पुढे सरोजिनीनगर झाले, आणि रामकृष्णपुरम या वसाहतींतून घरोघर दीड दिवसाचे गणपती बसू लागले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. त्यानंतर ७० वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा दिल्लीत भरले, आणि तेही तालकटोऱ्यास.

येथे आम्हां नोकरदारांच्या एका समजुतीची दुरुस्ती केली पाहिजे. दिल्लीतला मराठी माणूस म्हणजे सरकारी माणूस, असे आपण धरतो. चांदणी चौकात व करोलबागेत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारी, सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दुष्काळी मुलखातून भट्टीच्या कामाला बाहेर पडलेली ही माणसे देशभर पसरली. आम्ही बदलीच्या हुकमाने येतो व बदलीच्या हुकमाने जातो. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. त्यांच्या गणपतीपुढे आरतीला उभे राहिले की माणदेशी मराठी कानी पडते, जी आमच्या कचेरीतल्या मराठीहून कितीतरी ताजी आहे. आमच्या मंडळाच्या आणि त्यांच्या मंडपात अंतर फार नाही, पण जाणे-येणे थोडे. याचा दोष मुख्यतः आमच्याकडे जातो.

आजची स्थिती काय आहे? २०१६ साली सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी ७ वसाहतींच्या पुनर्बांधणीस मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि जुनी दुमजली क्वार्टरे पडू लागली. त्या क्वार्टरांच्या मधल्या हिरवळीवर मंडप घालणारी मंडळे पांगली; कोणी रामकृष्णपुरमला गेले, कोणी द्वारकेस, सेवानिवृत्तांनी नोएडा-गाझियाबादेत घरे घेतली. पूर्वी आरतीची घंटा ऐकून चार जिन्यांतून माणसे उतरत. आता आरतीची वेळ फोनवरील गटात कळवावी लागते आणि पोचायला तासभर मेट्रोत बसावे लागते. याच काळात दुसरीकडे दिल्लीत गणपती बसवणाऱ्या अमराठी माणसांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. उत्तमनगरच्या कुंभारांच्या वसाहतीत श्रावणापासून गणपती घडू लागतात, आणि घेणाऱ्यांत पंजाबी, बिहारी, उत्तराखंडी कुटुंबे आमच्याहून अधिक असतात. आमच्या जिन्यातील एका बिहारी गृहस्थाने सलग दोन वर्षे गणपती बसवला. त्याला दूर्वा किती वाहाव्यात हे विचारावयास तो आमच्याकडे आला तेव्हा आम्ही २१ असे सांगून मोठ्या जाणकारीचा आव आणला.

विसर्जनही बदलले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० साली सूचना काढल्या आणि २०२० साली त्या अधिक कडक केल्या. २०१९ साली गंगा व तिच्या उपनद्यांत मूर्ती सोडणाऱ्यास ५०,००० रुपये दंड करावा असे निर्देश निघाले; यमुना ही गंगेची उपनदी, त्यामुळे दिल्लीत यमुनेच्या पात्रात विसर्जन बंद झाले व प्रशासन ठिकठिकाणी तात्पुरते हौद खोदू लागले. काही ज्येष्ठांना याचे वाईट वाटते. आम्हांस वाटत नाही. काळवंडलेल्या, फेसाळलेल्या त्या पाण्यात मूर्ती सोडताना हात कचरत असत, हे त्यांनाही आठवत असेल. पार्थिव पूजेला वाहते पाणी हवे त्याहून आधी खरी माती हवी. आणि माती खरी असेल तर घरची बादलीही पुरते.

आमच्या पहिल्या गणपतीचे विसर्जन बादलीतच झाले. तत्पूर्वीची तयारी मात्र सोपी नव्हती. १८ तारखेस आम्ही कचेरीतून रात्री परतलो तेव्हा सौभाग्यवती स्वतःची नोकरी सांभाळून उत्तमनगरहून वीतभर उंचीची मूर्ती व आय.एन.ए. मार्केटातून नारळ, केळीची पाने घेऊन आलेल्या होत्या. मोदकांचा प्रश्न निघाला. आमच्या घरी तळणीचे, त्यांचे माहेर चिपळूणकडचे, त्यामुळे त्यांच्याकडे उकडीचे. साताऱ्यास हा प्रश्न कधी निघाला नव्हता, कारण तेथे सुनांनी सासरचा रिवाज पाळावयाचा हे ठरलेले. दिल्लीत ठरलेले काहीच नव्हते. उकडीचे मोदक झाले, बासमतीच्या पिठाच्या पाऱ्या फाटल्या, तरी झाले. त्या दिवसापासून आमच्या दिल्लीच्या गणपतीला उकडीचे मोदक, हा रिवाज पडला. रिवाज असेच पडतात, फक्त पुढच्या पिढीला त्यांचा पहिला दिवस ठाऊक नसतो.

चतुर्थीच्या पहाटे पाच वाजता पूजा मांडली, कारण आठ वाजता आम्हांला कचेरीत हजर राहणे भाग होते. वडील फोनवरून एकेक उपचार सांगत होते आणि आम्ही करीत होतो. मागून मातोश्रींचा आवाज येत होता की जानवे आधी, गंध मागून. गौरींचा प्रश्न आम्ही सोडून दिला. साताऱ्यास ज्येष्ठा नक्षत्रावर गौरी जेवतात तेव्हा पुरणाला, सोळा भाज्यांना चार जणींचे हात असतात. येथे एका बाईने नोकरी करून ते सारे करावे असे म्हणणे म्हणजे सणाच्या नावाखाली जाच करणे होय. सणाचा भार घरात कोण उचलतो हे एकत्र कुटुंबात झाकून जाते. दिल्लीतील दोन खोल्यांत ते लख्ख दिसते. पुढल्या वर्षीपासून नारळ खवणणे आणि भांडी हा विभाग आमच्याकडे आला. आमच्या मते या सणाने दिल्लीत आम्हांस जे शिकवले त्यात हे लहान नव्हे.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण मुद्दा. सण टिकेल, याविषयी आम्हांस शंका नाही; ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर सारेच त्याची साक्ष देतात. शंका आहे ती भाषेविषयी. आमची कन्या आठ वर्षांची आहे. खाली हिरवळीवर जाऊन दूर्वा आण म्हटले तर ती प्रथम विचारते, "दूब ना?" आरती तिला तोंडपाठ आहे, पण ती फोनवर ऐकून पाठ केलेली. एकदा तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. आम्ही पदवीधर, पण तो सामासिक शब्द आम्हीही लहानपणापासून चुकीचाच म्हणत आलो होतो, मग अर्थ कोठला! साताऱ्यास फोन लावला. आजोबांनी शब्द फोडून दाखवला, अर्थ सांगितला, त्यावरून एक गोष्ट सांगितली. नात त्यांच्याशी वीस मिनिटे बोलत होती. त्या वीस मिनिटांत ती हिंदीत एकदाही गेली नाही, हे आमच्या नंतर लक्षात आले.

तंजावरचा दाखला येथे आठवतो. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर गेलेली मराठी कुटुंबे आज साडेतीनशे वर्षे तमिळ मुलखात आहेत. १८५५ साली त्यांचे राज्य गेले, लिपी गेली, पुष्कळ शब्द तमिळ झाले. तरी अनेक घरांत मराठी बोलली जाते. ती राज्याने टिकवली नाही, उत्सवांनीही टिकवली नाही; चुलीपाशी रोज बोलली गेली म्हणून टिकली. वर्षातील दीड दिवस कितीही मंगल असला तरी त्याच्या शिरावर ३६५ दिवसांचे ओझे टाकता येणार नाही. जे आईबाप मुलांशी वर्षभर हिंदीत वा इंग्रजीत बोलतात आणि चतुर्थीला धोतर-नऊवारी नेसून संस्कृती जतन झाली असे मानतात, त्यांच्यात कालपरवापर्यंत आम्हीही होतो. उत्सवापासून जास्तीत जास्त एवढे होते की मुलांना प्रश्न पडतात. ते प्रश्न मराठीत पडावेत आणि त्यांना मराठीत उत्तर मिळावे, ही जबाबदारी घराची आहे.

तेव्हा सणाचा आजचा अर्थ काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर साधे आहे. पेशव्यांना तो दरबाराचा सोहळा होता, शिंद्यांच्या लष्करात तो मागे राहिलेल्या मुलखाची खूण होता, टिळकांच्या काळी लोकांना एकत्र आणण्याचे साधन होता. प्रत्येक ठिकाणी नव्या चुलीवर त्याने नवा अर्थ घेतला आणि जुन्याशी वैर केले नाही. दिल्लीतील दोन खोल्यांत त्याचा अर्थ इतकाच की ज्याला आपण मुक्काम म्हणत होतो ते घर आहे, आणि त्या घरात कोणी काय करावयाचे, कोणत्या भाषेत बोलावयाचे, हे आपणच ठरवावयाचे आहे. साताऱ्याचा गणपती साताऱ्यास बसतोच. दादांनी पहिल्या वर्षी आमच्या मूर्तीचे छायाचित्र मागवून वडिलांच्या खोलीत लावले. वाटणीची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

ऐच्छिक सुट्टीच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. पूर्वी आम्ही त्यात 'धार्मिक' असे मोघम लिहीत असू. आता 'घरी गणपती आहे' असे लिहितो. साहेब त्यावर काही न बोलता सही करतात आणि दुसऱ्या दिवशी मोदक आणले का म्हणून विचारतात.